अंगठ्यातली सुई

आपिया शहरातल्या दवाखान्यात नंबर येईपर्यंत लुपेचे कान शेजारच्या नवरा-बायकोकडेच लागले होते. नवऱ्याच्या एकाच पायात चप्पल होती.

“सांगा आता डॉक्टरांना, क्रिकेटचा चेंडू लागला म्हणून!”

“लागलाच होता.”

“अहो, तुम्ही तर पंच होतात! आणि चेंडू लागलेला अंगठा दर दोन महिन्यांनी सुजतो होय? एका रात्रीत लालबुंद, वर चादरसुद्धा सोसवत नाही?”

“मागे रक्त तपासलं की. चांगलं निघालं.”

“दुखणं भरात असताना रक्त कधीकधी फसवतं, म्हणालेत ना डॉक्टर? सांध्यातलं पाणी काढून बघितलं, की गाऊटचा संधिवात आहे का ते नक्की कळेल.”

“अंगठ्यात सुई? छे, मी घरी चाललो.”

“कमरेपासून गुडघ्यापर्यंत गोंदवून घेतलंत, बारा दिवस हूं की चूं केलं नाहीत. गावभर सांगत फिरता ना? मग आता काय झालं?”

“तेव्हा तू उशाशी बसून गात होतीस.”

तेवढ्यात त्यांचं नाव पुकारलं. तिच्या खांद्यावर हात टाकून तो लंगडत आत गेला.

थोड्या वेळाने बंद दाराआडून गाणं ऐकू आलं. सूर जरा कापत होता. पुढची ओळ लुपेने बाहेरून हळूच धरली.