खाणीवरचा ढग

मी, उपग्रहाची चित्रे वाचणारी, वय ५६ वर्षे, सर्वेक्षण कार्यालयात एकतीस वर्षे नोकरी, राहणार कार्यालयामागची वसाहत, दुसरा मजला, आज सकाळी अकरा वाजता स्वतःहून ठाण्यात हजर राहून सांगते ते असे.

उपग्रह दर पाच दिवसांनी आमच्या भागावरून जातो. त्याने काढलेल्या चित्रांत शेत कुठे, पाणी कुठे, खड्डा कुठे हे ओळखून नोंदवणे हे माझे काम. माझा धाकटा दीर त्याच कार्यालयात चित्रे साफ करून देतो. त्याला हे काम मीच शिकवले.

गेल्या वर्षी खडीची खाण हद्द ओलांडून मजुरांच्या खोल्यांकडे सरकत असल्याचे मला चित्रांत दिसले. मी तसा लेखी अहवाल कार्यालयप्रमुखांना दिला. ते म्हणाले, "बाई, तुम्ही आभाळातून बघता. जमिनीवरचं आम्हाला कळतं." एवढे कळणारे साहेब खाणीवर एकदाही गेलेले नाहीत. बूट खराब होतात.

गेल्या सोमवारी सकाळी सहाच्या सुमारास खाणीचा कडा ढासळला. दोन खोल्या खाली गेल्या. तीन माणसे मेली. त्यांपैकी एक जोडपे माझ्या अहवालानंतर चार महिन्यांनी तिथे राहायला आले होते.

चौकशी अधिकाऱ्यांनी वर्षभरातली सहा चित्रे मागवली. बुधवारी ती खुणा करण्यासाठी माझ्या टेबलावर आली. सहाही चित्रांत खाणीवर ढग होता. शेजारच्या शेतावर नाही, रस्त्यावर नाही, नेमका खाणीवर. ढगाला खाणीचा लळा लागला असावा. शिवाय सहाही वेळा तोच ढग, शेपटीसकट. आणि त्याला सावली नव्हती. उपग्रह सकाळी साडेदहाला जातो, ऊन पूर्वेकडून असते, ढगाची सावली पश्चिमेला पडते. हे नवशिक्याला पहिल्या आठवड्यात शिकवतात. चोरीलाही थोडी अक्कल लागते. या चित्रांवर सही करताना प्रमुखांनी तेवढीही खर्च केलेली नाही.

मी दिराला कँटीनमध्ये गाठले. तो म्हणाला, "वहिनी, साहेबांनी ढग टाकायला सांगितला. टाकला."

मी विचारले, "आणि सावली?"

"सावली टाकली असती तर तुम्हालाही कळलं नसतं."

"मग तोंडाने सांगायला काय झालं होतं?"

तो माझा डबा उचलून घेऊन गेला आणि धुऊन आणला.

मूळ चित्रे मी साठ्यातून काढून सोबत हजर केली आहेत. त्यांत ढग नाही, खाण आहे. चौकशीला दिलेल्या चित्रांवरचे ढग माझ्या धाकट्या दिराने, प्रमुखांच्या सांगण्यावरून चिकटवले.

काल संध्याकाळी सासूबाई मला म्हणाल्या, "साहेबाचं नाव घे, पण आपल्या पोराचं घेऊ नकोस. घर आहे आपलं." कड्यावरही घरेच होती.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो आहे. फक्त ढग चिकटवल्याच्या ओळीत, मला सोपे जावे म्हणून, त्यांनी "अज्ञात इसमाने" असे लिहिले होते. ते खोडून "माझ्या धाकट्या दिराने" असे करून घेतले. खाडाखोडीवर सही माझी आहे.