डाव्या चाकाचा पट्टा

मी, गाडी उंच असल्याने सगळे ज्याला ‘उंटवाला’ म्हणतात तो, वय ४३, धंदा पाहुण्यांना गाडीतून डोंगर फिरवणे, राहणार बहिणीच्या गॅरेजमागच्या दोन खोल्या, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की,

माझी धाकटी बहीण गाड्या दुरुस्त करते. आजच्या अपघातानंतर तिच्या गॅरेजला सील लागले असून ती आत्ता बाहेरच्या बाकावर बसली आहे. माझ्या गाडीच्या पुढच्या स्ट्रटमध्ये, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंग आणि शॉकच्या खांबामध्ये, तिने बदल केला म्हणून गाडी घसरली, असा तिच्यावर संशय आहे.

बदल तिने केला हे खरे आहे. गाडी चार इंच उचल, असे मीच सांगितले होते. ती म्हणाली, “दादा, स्ट्रटवर नुसते ठोकळे चढवले की गाडी रुबाबदार दिसेल, पण चाक खाली लोंबलं की सांधा निखळेल.” तिने दोनच इंच उंची दिली. शिवाय चाक ठरावीक अंतराच्या खाली जाऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना खालच्या आर्मपासून, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्यापासून, चासीपर्यंत, म्हणजे गाडीच्या सांगाड्यापर्यंत, जाड पट्टा बांधला. मला तो पट्टा नको होता. खड्ड्यात चाक लांब लोंबले की फोटो झकास येतो आणि पाहुणे खूश होतात. पट्टा काढ म्हणालो तर म्हणाली, “वहिनी फोटोत बसणार आहे की गाडीत? गाडीत ना? मग पट्टा राहील.” कामाच्या बाबतीत ती नाकावर माशी बसू देत नाही.

गाडी ताब्यात देण्याआधी तिची एक रीत आहे. गाडीचे तोंड साखळीने उचलून चाके अधांतरी ठेवते आणि एकेका आर्मवर स्वतः उभी राहून उड्या मारते. माझ्या गाडीलाही तसेच केले. मी हसून हसून बेजार झालो होतो.

आज सकाळी गाडीत मी, पत्नी आणि वडील होतो. खडीच्या वळणावर वडिलांना समोरचा सुळका दाखवायला मी एक हात स्टिअरिंगवरून काढला. उजवी चाके कडेवरून घसरली व गाडी दरीकडे कलंडली. पुढचे डावे चाक दोन खडकांच्या फटीत अडकले आणि गाडी तेवढ्यावर थांबली. पत्नी डाव्या दाराने वर निघाली. तिने वरून ओढले, मी खालून ढकलले, असे वडिलांना बाहेर काढले. शेवटी मी निघालो.

बाहेर आल्यावर मी चाकामागे डोकावून पाहिले. पट्ट्याने जाऊ दिला तेवढाच स्ट्रट ताणला गेला होता आणि पुढचा सगळा भार चार बोटे रुंद पट्ट्यावर होता. हात सोडवून पळणाऱ्या पोराचे मनगट आईने धरावे, तशी त्याने गाडी धरली होती. एका टोकाची शिवण उसवत होती, तरी सोडत नव्हता. डोंगर मी खूप पाहिले, असे नवल पाहिले नाही. वडील हळूच म्हणाले, “जोरात बोलू नका रे, सुटेल तो.” पत्नी म्हणाली, “वन्संना फोन करा. त्यांचा पट्टा अजून धरून आहे म्हणावं.” क्रेन येईपर्यंत आम्ही तिघे तिथेच कुजबुजत उभे होतो.

साहेबांनी विचारले की, स्ट्रट आधी तुटला आणि मग गाडी घसरली, असे झाले का. तसे असेल तर माझा परवाना वाचतो. परवाना गेला तर माझ्या घरची चूल बंद पडेल, हे मला कळते. पण स्ट्रट आधी तुटला नाही आणि नंतरही तुटला नाही. चूक माझ्या हाताची आहे. बहिणीविरुद्ध माझी तक्रार नाही.

वरील मजकूर हवालदारांनी मला वाचून दाखवला. शेवटी ‘तिघेही नशिबाने वाचलो’ असे लिहिले होते. त्यातला ‘नशिबाने’ हा शब्द माझ्या सांगण्यावरून खोडून तिथे ‘बहिणीमुळे’ असे लिहिले आहे. खाडाखोडीवर माझी सही आहे. बाकी मी सांगितले तसेच आहे.