मराठीतनं विचारलेली महागाई

आम्ही येळ्ळूरची माणसं मराठीसाठी किती कडक, ते तुम्हाला म्हाईतच हाय. परवा बेळगावात कॉलेजला मॅडम म्हणाल्या, "इंग्रजी जड जातंय त्यांनी एआयला आपापल्या भाषेत विचारा."

मी सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हटलं, "आपलं मराठीच."

विचारलं, महागाई का वाढती? उत्तर आलं, "चलनपुरवठ्यातील अतिरिक्त वृद्धीमुळे क्रयशक्तीचा ऱ्हास होतो."

दोनदा वाचलं, डोक्यात काय शिरलं न्हाय. शेजारच्या बसवराजनं तेच कन्नडमधनं विचारलं हुतं. त्यो निवांत मान डोलवत हुता.

"तुला कळलं व्हय रं?"

"कळलं की. पण मला कन्नडातनंच सांगाय येतंय."

"चालतंय की," मी म्हटलं, "फकस्त हळू सांग. मागच्या बाकावर आमच्या गावची पोरं बसल्यात."