गान्यात आत्याच न्हाई

सांगनारी : मनीषा, हळदीची गानी म्हनते. शब्दांकन : तिची मैत्रीण.

हे आजच सांगायला पायजे, मांडव अजून सोडला न्हाई आन् माज्या नखातली हळद बी गेली न्हाई, चार दिस गेले की मी परत कार्यक्रमाला निघनार आन् राहूनच जानार, म्हनून मैत्रिनीला म्हनलं बस, मी बोलते, तू टाईप कर.

तर आमची वस्ती सोनईच्या पल्याड. घरात नाना, आई, धाकटा भाऊ गणेश आन् फुलाआत्या. आत्या म्हंजे नानांची मोठी बहीन, विशीतच तिचा नवरा गेला, तवापासून ती आमच्यातच. आमच्याकडं कुनाची बी हळद असली तर गानं म्हनायला फुलाआत्याच लागायची. तिची रीत अशी, की आधी चुलीपाशी जायचं, बायकांना नावं इचारायची, माहेर इचारायचं, मग अंगनात बसून सुरू करायचं, पाटावर बसला नवरा, वाटीत भिजली हळद, आता कोन येती गं, आन् मग नाव, राहात्याची सखू येती गं. नाव आलं की सखूनं उठायचं आन् हळद लावायची. उठायचंच. आता ज्यांचा नवरा न्हाई त्या बाया कोपऱ्यात बसत्यात, त्यांना हळदीला हात लावू देत न्हाईत, तर आत्या त्यांची बी नावं घ्यायची. मोठ्यानं. गान्यात नाव आलं तर न्हाई कोन म्हननार. स्वतःचं नाव स्वतः कसं घेनार, म्हनून शेवटाला आई तिचं घ्यायची. मी आत्याला चिकटून बसायचे, सगळं तिथंच शिकले, शाळेत पाढे आले न्हाईत पन हे आलं.

पंधरा वर्सांची हुते, कांदा काढताना हेच गानं म्हनत हुते, शेजारच्या वहिनीनं मोबाईलवर घेतलं आन् टाकलं. मला वाटलं वस्तीवरचे बघतील. आठ दिसांत नगरहून स्टुडिओवाल्याचा फोन. नाना म्हनले पोरगी दहावीला हाय, आई म्हनली जाऊन तर येऊ, एसटीनं गेलो. स्टुडिओ म्हंजे दुकानावरची खोली, भिंतीला अंड्याचे ट्रे चिकटवल्याले, मी आईला हळूच म्हनलं, कोंबड्या कुठं ठेवल्यात.

तर तो मानूस म्हनला, ताई, ही सखू कोन, राहाता कशाला, गानं सगळीकडं वाजायला पायजे, तू आई घे, काकू, मामी, मावशी, वहिनी घे, झाली तीन मिनिटं. मी तसं म्हनले. आत्या राहिली. काय सांगू तुमाला, माज्या ध्यानात बी आलं न्हाई, आत्यानं शिकवल्यालं गानं आन् त्यात आत्याच न्हाई.

मग लागलं गानं. एक डीजे सोडला न्हाई. शाळेत मला प्रार्थनेला पुढं उभी करायला लागले. सतराव्या वर्सी टीव्हीवाल्यांच्या स्पर्धेत गेले, तिसऱ्या फेरीत घरी, परीक्षक म्हनले आवाज चांगला पन एकाच पट्टीत फिरतो, खरं हुतं ते. मग ऑर्केस्ट्रा केला. भंडारदऱ्याला एका हॉटेलात दोन हंगाम गायले, तिथं लोकं भजी खात ऐकायचे, खायचे जास्ती. दुसरं गानं काढलं, पडलं. तिसरं बी पडलं. आता मी चोवीसची हाय, लोकं अजून हळदवाली मनीषाच म्हनत्यात. चालतंय, एक तर वाजलं.

पन झालं काय, लोकं गान्याबरहुकूम उठायला लागले. स्पीकरवर काकू आलं की काकू उठनार, मामी आलं की मामी, आन् आत्या नुस्त्या उभ्या. राहात्यात एका बाईनं मला धरलंच, म्हनली आमी आत्यांनी तुजं काय घोडं मारलंय गं. मी हसले, घरी येऊन फुलाआत्याला सांगितलं, ती बी हसली. तिला कोन आता गानं म्हनायला बोलवत न्हाई, हे मला तवा कळायला पायजे हुतं. न्हाई कळलं. आन् कोपऱ्यातल्या बाया कोपऱ्यातच, स्पीकरला काय म्हाईत कोपऱ्यात कोन हाय.

परवा सकाळी आमच्या गणेशची हळद. आत्या मागं पत्र्याच्या शेडात लसून सोलत बसली. म्हनलं चल, गानं म्हन. म्हनली डीजे आलाय की, तुजंच लागंल, माजा घसा गेला आता. डीजेवाल्यानं लावलं, आई उठली, काकू उठल्या, मामी झाली, आन् गणेश मला म्हनतो, मने, आत्याच्या हाताची लागल्याबिगर मी पाटावरनं उठत न्हाई, मग वरात निघो नायतर न निघो.

मी डीजे बंद करायला लावला. माईक बी घेतला न्हाई, आत्या बसायची तिथं बसले आन् सुरू केलं. घाईत पयलं आत्याचंच नाव घेतलं, सोनईची फुला येती गं. कोन आलं न्हाई. परत घेतलं. शेडातनं आवाज आला, चुकलीस.

आत्या म्हनली, आधी सावित्राचं घे. सावित्रा म्हंजे आमची धाकटी चुलती, तिचा नवरा जाऊन वरीस झालं न्हाई, ती पान्याच्या टाकीपाशी उभी हुती, मला दिसली बी नव्हती. आत्या म्हनली, माजं काय, मी जुनी हाय, तिला आज उठवली न्हाई तर ती परत कधी उठायची न्हाई.

म्हनलं मी, नेवाशाची सावित्रा येती गं. ती हालंना. शेडातनं आत्यानं तीच ओळ उचलली, फाटक्या आवाजात, दोनदा, तीनदा. मग सावित्राकाकू आली, पदर तोंडाला लावून, आन् हळद लावली. पुढची सगळी नावं आत्यानंच घेतली, एक बी चुकलं न्हाई, मी नुस्ती मागं म्हनत हुते. शेवटाला आईनं तिचं घेतलं. आली, म्हनली, गन्या, हाताला लसनाचा वास हाय रं. तो म्हनला येऊ दे.

आता येत्या रविवारी सोनईत एक हळद हाय. त्यांना सांगितलंय, माजं गानं लावू नका, मीच येते, आधी चुलीपाशी बसून नावं इचारून घेते, आन् आत्याला संगं आनते. आत्या येते म्हनली, पन टेम्पोत मागं बसनार न्हाई म्हनली. पुढं बसवू तिला.

तुमी सगळे सुखी राहा, तुमच्या पोरांना हळदी लागू देत. पन एवढं सांगा, तुमच्यात हळदीला नावं कोन घेतं, आन् तुमच्या बी मांडवात असं कोन टाकीपाशी उभं राहिलं हुतं का, जे तुमाला दिसलंच न्हाई?