बॅटऱ्यांचं एकत्र कुटुंब

आमच्या घरात एकी फक्त बॅटऱ्यांनी पाळायची असते. कशी, ते ऐका.

बोटीसाठी दोन नव्या बॅटऱ्या आणल्या, तेव्हा मी एवढंच म्हटलं, "एक नुसती इंजिन सुरू करायला ठेवूया. जीपीएस, फिशफाइंडर, वायरलेस, टीव्ही सगळं दुसरीवर."

काका म्हणाले, "कॉलेज सोडून घरी बसलेला तू आम्हाला शिकवणार? दोन्ही एकत्र जोड. एकत्र राहिलं की ताकद वाढते."

बाबांनीही मान डोलावली. हे दोघे सख्खे भाऊ. घराच्या मधोमध भिंत घातलेले, दारातल्या फणसाच्या फांद्यासुद्धा वाटून घेतलेले. बोट तेवढी राहिली, कारण ती मधोमध कापली तर बुडते.

दिल्या जोडून. आरे-वारेच्या किनाऱ्यासमोर जाळं टाकलं, इंजिन बंद केलं आणि दोघे टीव्ही लावून क्रिकेट बघत बसले. मॅच ऐन रंगात असताना टीव्ही गेला. इंजिनाला चावी दिली, तर नुसतं टिक वाजलं. मदत मागायला वायरलेस उचलला, तोही मेलेला. वारा आम्हाला खडकांकडे ढकलत होता आणि बाबा म्हणत होते, "तूच नीट जोडलं नसशील."

शेवटी शर्ट हलवून दुसरी बोट बोलावली. तिने ओढत आणलं.

धक्क्यावर काका मान खाली घालून म्हणाले, "उद्या बॅटऱ्या वेगळ्या कर."

मला वाटलं, म्हातारा सुधारला.

"इंजिनाची माझी," काका म्हणाले.

बाबा लगेच म्हणाले, "मग टीव्ही माझ्या बॅटरीवर."