दोन ओलिंतो

— नको गं, तो काळा नको. दिसतो झक्क, कबूल, पण तो कुठून तरी बोटीनं आलेला, आणि तुझे वडील जन्मभर व्हरमाँटच्या बाहेर गेले नाहीत — त्यांच्या उशाशी परका दगड कशाला? आपला करडा घे. बस ना, उभी का? खुर्ची पुसून देते, थांब. काय म्हणालीस? मला सवय झाली असेल या सगळ्याची? हो बाई, म्हणायची सवय. चार पिढ्या आम्ही थडग्यांवर दुसऱ्यांची नावं कोरतोय.

माझे आजोबा ओलिंतो — इटलीतून आले, गावातले निम्मे तसेच आले — असे हात की दगडात गुलाब काढला तर माणसं वास घ्यायला वाकायची. पण इथला हिवाळा तुला ठाऊक आहे, दगड घडवायच्या शेडची दारं घट्ट बंद, आत हवेवर चालणारी यंत्रं, आणि ती पांढरी भुकटी — समोरचा माणूस दिसायचा नाही म्हणे. एक्केचाळिसाव्या वर्षी गेले. छातीत दगड भरला, दुसरं काय! आर्जिया आजीनं घरात भाडेकरू ठेवले — तेही सगळे दगडफोडेच. तिचा एकच मुलगा, रेमो, माझे बाबा, तेव्हा सहा वर्षांचे. बाप होता तोवर एका भिंतीपलीकडे त्याचा खोकला ऐकत झोपायचे. तो खोकला वेगळा असतो गं — ओला नाही, कोरडा, कुणी रिकामी पेटी फरफटत न्यावी तसा. आजीनं शपथ घातली, 'रेमो, शिंपी हो, पाव भाज, भीक माग, पण दगडाला हात लावलास तर माझं तोंड बघू नकोस.'

लावला ना! सतराव्या वर्षी. रोज मित्राकडे अंघोळ करून घरी यायचे. पण भुवया धुवायच्या राहिल्या एकदा. आजीनं सूप वाढलं, भुवयांकडे बघितलं, आणि पातेलं तसंच उचलून मोरीत ओतलं. वर्षभर बोलली नाही. एका टेबलाशी बसून वर्षभर — आहे ना कमाल? तोवर शेडमध्ये धूळ ओढणारी यंत्रं बसली होती, बाबांना काही झालं नाही. ती मरेपर्यंत रोज सकाळी त्यांच्या पाठीला कान लावायची. लग्न झाल्यावरही. माझी आई हसायची. बाबा म्हणायचे, 'ऐक आई, ऐक — आत फक्त तुझं सूप आहे.'

मग माझा मुलगा झाला. बाबांनी नाव ठेवलं ओलिंतो. मी म्हटलं, बाबा, मेलेल्याचं नाव कशाला — तर म्हणाले, 'त्याला एक्केचाळीसच वर्षं मिळाली, उरलेली हा जगेल.' आम्ही ओली म्हणायचो. हातही तेच, काय सांगू! आजोबा आणि नातू दिवसभर शेडमध्ये, भांडणं काय, शिव्या काय, 'म्हाताऱ्या, तुझा र वाकडा आहे', 'गाढवा, तुझं डोकं वाकडं आहे' — पण कामच राहिलं नाही गं. लोक मेलेल्यांना जाळायला लागले, राख डब्यात. उरलेले घेतात ते हे काळे, तयार. ओली म्हणाला, आई, खालच्या गावात कारखाना निघालाय, स्वयंपाकघराचे ओटे बनवतात, तो नवा बनावट दगड — दगडच तो, मला येतो. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, केक केला मी.

पाणी न सोडताच कापायचे म्हणे तिथे, सगळी धूळ हवेत. तोंडाला कागदाचा मास्क. आम्हाला काय माहीत? चार वर्षं गेली. एका रविवारी जेवताना खोकला त्याला. मला वाटलं सर्दी झाली असेल, मी मक्याचा पोलेंता वाढत होते — आणि बाबांनी चमचा खाली ठेवला. पांढरे पडले. म्हणाले, 'पुन्हा खोक.' ओली हसला, 'काय आजोबा, फर्माईश?' 'पुन्हा खोक म्हणतो ना!' खोकला पोरगा. बाबा उठले, त्याच्या पाठीला कान लावला, आणि तसेच राहिले — वाकलेले, दोन्ही हातांनी त्याला धरून. डॉक्टर सहा महिने दमा म्हणत होता. बाबा म्हणत होते, 'दमा नाही, हे माझ्या घरातलं आहे, मी ओळखतो.'

चौतिसाव्या वर्षी. माझ्यासमोर. श्वास इतका लहान झाला होता की — नको. तुझं दुःख घेऊन आलीयस तू, आणि मी आपली —

बाबा म्हणाले, दगड मीच करणार. डोकं तेव्हा जरा इकडेतिकडे व्हायला लागलं होतं, पण हात शाबूत. मी म्हटलं, करू देत. मी आत जायचे नाही, बघवत नव्हतं. पूर्ण झाल्यावर त्यांनी हात धरून नेलं मला. गुलाब काढला होता, इतका सुंदर की वाकलेच मी. खाली नाव — ओलिंतो — आणि त्याखाली साल — एकोणीसशे छत्तीस.

माझ्या आजोबांचं गं, ते गेले ते साल. आजीनं तेव्हा थडग्यावर दगड ठेवूच दिला नव्हता, 'दगडानं नेला, वर आणखी दगड नको', नुसता लाकडी क्रूस, तोही कुजून गेला. बाबा माझ्याकडे बघत होते, सहा वर्षांच्या मुलासारखे. म्हणाले, 'नेल्ला, बाबांना आवडेल ना?' काय म्हणणार? म्हटलं, आवडेल. तोच बसवला ओलीवर. दफनभूमीचा रखवालदार म्हणाला, बाई, साल चुकलंय. म्हटलं, राहू दे.

जाते मी रविवारी. उभी राहते. त्या दगडाचं खरं मानलं तर माझा मुलगा माझ्या जन्माच्या एकोणीस वर्षं आधी वारला. म्हणजे मला झालाच नाही. पोटात नव्हता, केक खाल्ला नव्हता, कुणी त्याला त्या कारखान्यात —

नाही. काही नाही. तू रडू नकोस, तू का रडतेस?

जा तू आता. करडा ठेवते बाजूला. सोमवारी ये, तेव्हा अक्षरांचं बघू. जा गं — जा म्हटलं ना.