एक नंबरवरची स्प्रिंग

नाही, तो पाना माझ्याकडे नाही. मिक्कलने गाडी दिली तेव्हा सीटखालच्या पिशवीत जे होतं ते तुला मिळालं, त्यात नसेल तर नसेल — माझा मुलगा आईला न विचारता बापाची स्नोमोबाइल विकतो, मी दोन दिवस बहिणीकडे गेले तेवढ्यात विकतो, आणि पाना मात्र मी शोधायचा? आणि काकू-काकू करू नकोस. 'गारेन काकू' म्हणे. सहा वर्षं शेजारी राहतोस, सहा वर्षांत मिळून इतक्यांदा काकू म्हणाला नाहीस. दार उघडं ठेवू नकोस, थंडी येतेय — आत नको, पायरीवरच थांब. बूट बघ तुझे.

काय? स्प्रिंगा गेल्या? कोण म्हणतं, तू? इस्साट, मला खिडकीतून सगळं दिसतं. मुद्दाम बघत नाही मी, खिडकीच तिकडे आहे. परवा बायकोला, रिस्टेनला, मागे बसवून तळ्याच्या कडेने निघालास — दोघं बसलात तशी गाडी मागून खाली गेली, म्हातारी रेनडियर बसकण मारते तशी. आणि पुढे वाऱ्याने उठवलेल्या त्या कडक बर्फाच्या वळ्या लागल्या, तर प्रत्येक वळीला ठाण, ठाण. इथपर्यंत ऐकू येत होतं. स्प्रिंग नाही गेली, तुझी अक्कल गेलीय. नव्या मागवणार म्हणे. तुला वाटतं सैल म्हणजे आरामाची? सैल असते ती हलक्या माणसाला आरामाची. वजन जास्त झालं की तीच तळाला टेकते आणि खालून लाथ घालते. मागे, गाडी ज्यावर चालते त्या रबरी पट्ट्याच्या आत, दोन्ही बाजूंना, स्प्रिंगच्या टोकाखाली ठोकळा आहे ना — त्याला चार कडा. एकावर सगळ्यात सैल, चारावर सगळ्यात ताठ. पान्याने फिरवायचा. दोन्हीकडे सारखा, नाहीतर गाडी एका अंगावर झुकून चालते. मग मागचा दांडा धरून गाडी वर ओढायची, दांडा बर्फापासून किती वर आहे ते मोजायचं, दोघांनी बसायचं, परत मोजायचं. चार बोटं खाली गेली तर ठीक, वीतभर गेली तर अजून एक कड चढवायची. झालं. यात नव्या स्प्रिंगा कुठे आल्या? ओव्ला असता तर कॉफी निवायच्या आत करून दिलं असतं. मी नाही देणार.

का म्हणजे? माझी मर्जी. तो ठोकळा आहे तिथे आहे, असू दे तिथेच. एकावर आहे. — मला कसं माहीत, हे विचारतोस? माझ्या नवऱ्याची गाडी, आणि मला कसं माहीत. पंच्याण्णव किलोचा होता ओव्ला, गाडी कायम तीनवर. मागच्या हिवाळ्यात तो उतरायला लागला — तुला दिसलंच असेल, नसेलही, तू कुठे बघतोस कुणाकडे. ऐंशी झाला, मग सत्तर. माणूस हलका आणि स्प्रिंग ताठ, गाडी उडवायला लागली त्याला. रेनडियरच्या कळपावरून आला की कंबर धरून याच पायऱ्या चढायचा आणि म्हणायचा, यंदा वाट फार वाईट आहे. वाट दरवर्षीसारखीच होती. पण गाडीलाही आता आपलं वजन जाणवत नाही, हे त्याला कळायला नको — म्हणून दुपारी जेवून तो आडवा झाला तशी मी पाना घेऊन बाहेर. तीनवरून दोन. दुसऱ्या दिवशी आला, कॉफीत चीजचे तुकडे टाकून निवांत बसला. म्हणाला, "वाऱ्याने वाट सारखी केली बघ." मी म्हटलं, हो, वारा चांगला होता.

तुला कशाला सांगतेय मी हे. — मार्चमध्ये पुन्हा गेले, दोनवरून एक करायला. वाकून बघते तर ठोकळा आधीच एकावर. डावीकडे एक, उजवीकडेही एक. मिक्कल तर तेव्हा शहरात. आणि पाना शेडमधल्या खिळ्याला, मी टांगते तसाच टांगलेला. आत आले तर हा डोळे मिटून पडलेला. झोपला नव्हता, झोपला की तोंड उघडं राहायचं त्याचं. म्हणजे वाऱ्याचं जे बोलायचा, ते माझ्यासाठी. मग आम्ही वाऱ्याचंच बोलत राहिलो, एप्रिलमध्ये तो जाईपर्यंत. त्याचा कोट दिला मी, बूट दिले, कुत्रासुद्धा दिला. वर्षभर गाडी शेडमध्ये होती, मी तिला हात लावला नाही. ठोकळ्याचा तो एक त्याच्या हातचा आहे, इस्साट. आता मोठं तोंड करून मागशील पाना?

उद्या निघायचंच आहे ना तुम्हाला, कळप वितो त्या वासरांच्या माळावर? साठ किलोमीटर, त्या वळ्यांवरून. आणि रिस्टेन मागे. या दिवसांत. — बघतोस काय? तीन आठवडे झाले, तुमच्याकडे कॉफी उकळली की ती तोंडाला हात लावून बाहेर येऊन उभी राहते. खिडकी तिकडेच आहे म्हटलं ना. कुणाला सांगितलं नाही म्हणे. मला कुणी सांगायला लागतं?

थांब. कुठे निघालास? — हा घे. एप्रनच्या खिशातच होता. चारवर कर, डावी बाजू आधी, ती कडक जाते. दोन्हीकडे सारखं. मोजायला बसवशील तेव्हा तिला सावकाश बसव. आणि पाना परत आणून देऊ नकोस.

जा आता. मी पडदा ओढून घेते.